लाभ, दोन, तीन

अकोला
६ जुलै २०२५

प्रियाताईंना साधनाचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नका. बाबा आहेत तसेच आहेत. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण माझ्या हातचा कागद पाहून तुम्हाला आधी तीच शंका येणार हे मला ठाऊक आहे.

फोन का केला नाही ते सांगते. आपलं घर दोन खोल्यांचं. बाबांचा पलंग बाहेरच्या खोलीत आणि स्वयंपाकघराला दाराऐवजी पडदा. कितीही हळू बोललं तरी पलंगापर्यंत पोचतंच. गच्चीवर जावं तर त्यांना एकटं टाकावं लागतं. मेसेज लिहावा तर माझा मोबाईल अर्धा वेळ तुमच्या भावाच्या हातात, आणि हे त्यांना इतक्यात कळायला नको आहे. म्हणून तानुबाई बाबांचं अंग पुसताहेत तेवढ्यात ओट्यावर कागद ठेवून लिहिते आहे. समोरचे श्रावणभाऊ नोकरीसाठी रोज अमरावतीला अप-डाऊन करतात, ते तुमच्या कॉलेजात आणून देतील. लोणच्याची कृती आहे असं त्यांना सांगितलंय, तेव्हा त्यांच्यासमोर उघडू नका.

तानुबाई नवीन आहेत. बाबांचं करायला आधी ठेवलेले भाऊ गावी निघून गेले. या अकोट तालुक्यातल्या, साठीच्या, सगळी हयात शेतात आणि खळ्यावर गेलेली. हाताला जोर आहे, बाबांना एकट्या कुशीवर वळवतात.

आता विचारायचं ते विचारते. बाबांची गाडी घसरली त्याला पाच महिने झाले. डॉक्टर म्हणतात शुद्ध नाही. पण सकाळी त्यांचे डोळे उघडतात, दुपारी मिटतात, पुन्हा उघडतात. जांभई देतात. पंख्याकडे पाहतात, आपल्याकडे पाहत नाहीत. मग डोळे उघडे असलेल्या माणसाला शुद्ध नाही म्हणजे नेमकं काय? त्याला ऐकू येतं का? त्याच्यासमोर आपण बोललो तर त्याला कळतं का?

तुम्ही कॉलेजात मानसशास्त्र शिकवता, म्हणून विचारते. हो की नाही, तेवढंच लिहा. पाल्हाळ लावू नका, तुम्हाला ती सवय आहे.

तुमची
साधना


अमरावती
९ जुलै २०२५

साधना,

लोणच्याची कृती पोचली. श्रावणभाऊ म्हणाले, आमच्या घरी पण सांगा, त्यामुळे आता खरंच एक कृती लिहून दे.

पाल्हाळ थोडं लागणारच. जागं असणं आणि जाणीव असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एरवी त्या जोडीनं येतात, म्हणून आपल्याला एकच वाटतात. जागेपणाचं काम मेंदूच्या अगदी बुडाशी चालतं, मानेच्या लगेच वर. बाबांचा तो भाग शाबूत आहे. म्हणून डोळे उघडतात, झोप लागते, जांभई येते. आपण कोण, समोर कोण, काय बोललं जातंय, हे कळण्यासाठी मेंदूच्या वरच्या थरांना आणि आतल्या भागांना एकमेकांशी बोलावं लागतं. मार लागला तेव्हा त्या जोडण्या तुटल्या. कानावर आवाज पडतो, तो मेंदूत शिरतोही, पण तो कळणारं कोणी राहत नाही.

मी एप्रिलमध्ये आले तेव्हा तीन दिवस हेच तपासत होते, तू पाहिलंस. त्यांचा हात हातात घेऊन 'एक, दोन, तीन, दाबा' असं किती वेळा म्हटलं. आरसा डोळ्यांसमोरून फिरवला. नावानं हाक मारली. काही नाही. परत येताना गाडीत बसून रडले, पण नंतर मन शांत झालं. निदान त्यांना काही सोसावं लागत नाही.

कधी बोट हलेल, कधी ओठ वाकडा होईल, डोळ्यांतून पाणी येईल. त्याला अर्थ लावत बसू नकोस. तू थकली आहेस, आणि थकलेल्या माणसाला सगळीकडे खुणा दिसतात.

हो की नाही विचारलंस. नाही.

प्रियाताई


अकोला
१७ जुलै २०२५

ताई,

तुमचं 'नाही' वाचून मी दोन दिवस सुखानं जेवले. तिसऱ्या दिवशी जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. अर्थ लावू नको म्हणालात, म्हणून लावत नाही.

फिजिओथेरपीवाल्यांनी सांगितलंय की बाबांचा प्रत्येक पाय गुडघ्यातून बारा वेळा वाकवायचा आणि मोठ्यानं मोजायचं. मी एक, दोन, तीन मोजते. आधीचे भाऊही तसंच मोजायचे. तानुबाई मोजतात ते खळ्यावर धान्य मोजल्यासारखं: लाभ, दोन, तीन. पहिल्याला एक म्हणतच नाहीत. मला गंमत वाटली.

मंगळवारी सकाळी त्या उजवा पाय वाकवत होत्या आणि मी बाबांचा डावा हात ओल्या फडक्यानं पुसत होते. तेव्हा अंगठा दिसला. तो करंगळीच्या खालच्या पेरावरून मधल्या पेरावर गेला. अगदी थोडा, तांदळाच्या दाण्याएवढा सरकला असेल. मग वरच्या पेरावर. मग शेजारच्या बोटावर. तानुबाईंचा एक आकडा, बाबांचं एक पेर. परतवाड्याच्या मंडीत चाळीस वर्षं संत्री मोजली ती त्यांनी अशीच ना? दोन्ही हातांत मिळून पाच संत्री उचलायची, टोपलीत टाकायची, आणि अंगठा पेरावर. लग्नानंतर पहिल्यांदा तिकडे आले तेव्हा तुम्हीच मला दाखवलं होतं.

मी म्हटलं, ताई म्हणतात तसं नुसतं बोट असेल. तेवढ्यात कुकरची शिटी झाली. तानुबाईंनी मान वळवली, चार म्हणाल्या आणि पुढे एकदम सहा. अंगठा थांबला. सात झालं, आठ झालं, तो तिथेच. माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

तानुबाई म्हणाल्या, "काय झालं वं बाई, अशी काहून पाहून राह्यली?"

मी म्हटलं, मावशी, पाच राहिला.

"असं का? मंग घ्या बुवा, पाच," म्हणाल्या, आणि अंगठा पुढच्या पेरावर गेला.

नंतर मी स्वतः मोजून पाहिलं. एक, दोन, तीन. अंगठा ढिम्म. तीनदा मोजलं. तानुबाई माझ्याकडे बघून हसल्या. "तुमी एक म्हनता म्हनून. मोजाले बसलेला मानूस एक म्हनन का? लाभ म्हना."

लाभ म्हटलं. अंगठा चालू लागला.

ताई, तुमचं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. तुम्ही लिहिलंय, 'एक, दोन, तीन, दाबा'. दवाखान्यातही सगळे तसंच म्हणत होते. मी अर्थ लावत नाही, पण आता मीही लाभच म्हणते. लवकर लिहा.

साधना


अमरावती
२१ जुलै २०२५

साधना,

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा तुझा रागच आला. नंतर लक्षात आलं की राग तुझा नाही.

नीट ऐक. हाताची सवय मनाशिवाय चालू शकते. बायका गप्पा मारत पोळ्या लाटतात, लाटण्याकडे कोणाचं लक्ष असतं? चाळीस वर्षं रोज हजारो संत्री मोजलेला अंगठा आहे तो. लाभ हा आवाज कानी पडला की निघत असेल, त्याला बाबा लागत नाहीत. आणि चुकीचा आकडा आला म्हणून थबकणं हेही पुरेसं नाही. ओळीनं येणारे आवाज मध्येच बिघडले तर झोपलेल्या माणसाचा मेंदूसुद्धा दचकतो.

पण एक गोष्ट मला सोडत नाही. तो नुसता दचकला नाही असं तू लिहितेस. तो थांबून राहिला आणि राहिलेला आकडा मिळाल्यावर पुढे गेला. म्हणजे काय राहिलंय ते त्यानं मधल्या वेळात धरून ठेवलं. धरून ठेवायला कोणीतरी लागतं. कुठे कुठे मेंदूच्या लहरी तपासून पाहिलंय, तेव्हा असे निपचित पडलेले काही लोक आतून सगळं ऐकत होते असं निघालं. हे मी दरवर्षी शिकवते. आपल्या घराला लावून पाहायचं धाडस झालं नाही.

म्हणून चाचणी कर, आणि चोख कर. वीस चिठ्ठ्या लिही. दहा कोऱ्या, दहांवर कोणता आकडा गाळायचा ते. तानुबाईंनी चिठ्ठी उचलायची आणि तसं मोजायचं, कोणालाही दाखवायचं नाही. अंगठ्याकडे बघणाऱ्याला मोजणी ऐकू येता कामा नये, नाहीतर डोळे कानाचं ऐकतात. तो कुठे थांबला तेवढं बघणाऱ्यानं लिहायचं. एका दिवसात दोन-तीनच फेऱ्या कर, ते दमतात. आणि ललितला सांग. त्याच्यापासून लपवून हे जमणार नाही.

आता माझा प्रश्न. तू सहा तारखेला विचारलंस, ऐकू येतं का. अंगठा दिसला पंधरा तारखेला. मग आधी तुला कशाची भीती वाटली? त्यांच्यासमोर तू काही बोललीस का?

मला 'एक म्हणून मोजू नये' हे माहीत होतं, साधना. सात वर्षांची होते तेव्हा मंडीत त्यांच्याशेजारी बसून मोजायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला. "घरात आलेल्या मालाले एक नाई म्हनत, पोरी. लाभ म्हन." हे मी कालपर्यंत विसरले होते.

प्रियाताई


अकोला
३ ऑगस्ट २०२५

ताई,

चाचणी झाली. बारा दिवस लागले.

बघायला तुमचा भाऊ बसला. कानांत कापूस, त्यावर इयरफोन, त्यात मोठ्या आवाजात गाणी, आणि वरून हेल्मेट. तानुबाईंना इतकं हसू येत होतं की पहिल्या दिवशी मोजणी पुढे सरकेना. हे मात्र हसले नाहीत. त्यांना वाटत होतं मी वेडी झाले आहे आणि माझं समाधान म्हणून ते बसले होते.

आकडा गाळला अशा दहा फेऱ्या. त्यांत सात वेळा अंगठा बरोबर त्याच पेरावर थांबला. दोन वेळा मुळी हललाच नाही. एकदा न थांबता पुढे गेला. पूर्ण मोजलेल्या दहा फेऱ्यांत आठ वेळा शेवटच्या पेरापर्यंत गेला, दोनदा बाबांना झोप लागली होती. सोबत कागद पाठवते, अक्षर यांचंच आहे.

शेवटच्या दिवशी मी चिठ्ठ्या आणि कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवले. यांनी हेल्मेट काढलं, एकेक ओळ बोट ठेवून पाहिली आणि उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. मी गेले तर म्हणाले, "मले आता काई विचारू नको." बऱ्याच वेळानं आत आले, पलंगाशी उभे राहिले आणि म्हणाले, "मी ललित आहो, बाबा." सहा महिन्यांत असं कोणी त्यांना सांगितलं नव्हतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

अकरा जूनला आपण फोनवर बोललो होतो, आठवतं? डॉक्टरांनी विचारलं होतं की पुन्हा छातीत कफ होऊन ताप आला तर दवाखान्यात नेऊन मशीनवर घ्यायचं की घरीच ठेवायचं. तुम्हाला वाटत असेल आम्ही गच्चीवरून बोलत होतो. आम्ही बाबांच्या खोलीत होतो. यांनी बाबांना कुशीवर वळवून धरलं होतं, दोन्ही हात गुंतलेले, मी पाठीला पावडर लावत होते. म्हणून मीच मोबाईल स्पीकरवर टाकला. ठेवायला जागा नव्हती, म्हणून उशीवर ठेवला. त्यांच्या कानापाशी.

तुम्ही म्हणालात, "नको ललित. आता त्याइले मशीनवर नको टाकू. जाऊ दे त्याइले." शब्द हेच होते. मी म्हणाले, "ताई बरोबर म्हणतात. सुटतील तरी." हे काही बोलले नाहीत, म्हणजे ठरलं.

फोन ठेवला आणि बाबांना पाठीवर घेतलं, तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानात ओघळलं होतं. मी पुसलं. डोळ्यांचं औषध टाकून तासच झाला होता, म्हणून तेच असेल असं मनाला सांगितलं. सांगत राहिले. महिनाभर सांगूनही ते मनाला पटेना, तेव्हा तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं.

माझंही वाक्य त्यात आहे, ते मी झटकत नाही. पण मी सून. तुमचा आवाज ते कुठेही ओळखतील.

साधना


अमरावती
१८ ऑगस्ट २०२५

साधना,

पंधरा दिवस उत्तर दिलं नाही. श्रावणभाऊ दोनदा येऊन विचारून गेले. त्यांना म्हटलं, तब्येत बरी नाही, आणि ते खोटंही नव्हतं.

चाचणी चोख आहे. दोन दिवस मी त्या कागदावर चूक शोधत बसले होते. सापडली असती तर मला किती आनंद झाला असता हे तुला सांगायला लाज वाटते. आपले वडील आत नाहीत असंच निघावं, म्हणून धडपडणारी मुलगी मी.

उशीवर, असं तू लिहिलंस. तू तेव्हाच का नाही सांगितलंस? पण कशाला सांगायचं म्हणा. मी काय केलं असतं? तुला पुन्हा एक पत्र लिहिलं असतं जागेपणावर आणि जाणिवेवर.

मी 'जाऊ दे' म्हणाले तेव्हा सगळ्यांना वाटलं, ताई शिकलेली आहे, तिला कळतं. तुलाही वाटलं. खरं कारण तुला लिहिते. मला त्यांना तसं पाहवत नव्हतं. एप्रिलनंतर मी अकोल्याला आले नाही. कधी परीक्षा होत्या, कधी पेपर तपासणी. पेपर तपासून मेमध्येच संपले होते. बाबा गेले असते तर मला यायचं कारण उरलं नसतं आणि न येण्याचा अपराधही. त्या एका वाक्यात बाबांपेक्षा मीच जास्त होते. शास्त्र मी नंतर त्यावर पांघरलं.

या पंधरा दिवसांत तीनदा बॅग भरून निघाले. तीनदा बडनेऱ्याच्या स्टेशनवरून परत आले. समोर गाडी लागली की वाटतं, मी त्या खोलीत शिरून तोंड उघडलं आणि त्यांनी माझा आवाज ओळखला, तर? त्यांना हात उचलता येत नाही, मान फिरवता येत नाही. मला 'चालती हो' म्हणायचं असलं तरी म्हणता येणार नाही. माझं सगळं ऐकून घ्यावंच लागेल त्यांना. हा अत्याचार मी त्यांच्यावर पुन्हा करू का?

मी येणार नाही. मला रागाव, पण ये म्हणून लिहू नकोस.

प्रिया


अकोला
६ सप्टेंबर २०२५

ताई,

रागावत नाही. वेळच मिळाला नाही. आता बाबा घरी आले आहेत, तानुबाई त्यांच्याजवळ आहेत, आणि मी पुन्हा ओट्यावर.

तान्हा पोळ्याच्या दिवशी दुपारी बाबांना ताप भरला. गल्लीत पोरं लाकडी बैल ओढत होती, त्या चाकांच्या खडखडाटात मला त्यांच्या छातीतली घरघर आधी ऐकूच आली नाही. कपाळाला हात लावला तेव्हा कळलं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, घरी ठेवायचं तुमचं ठरलेलं आहे, तेच कायम का? अर्ध्या तासात सांगा.

तेव्हाच यांनी तुम्हाला फोन लावला होता, गल्लीच्या तोंडाशी जाऊन. तुम्ही म्हणालात, "तुमीच ठरवा," आणि ठेवून दिला. हे परत आले ते पांढरेफटक. म्हणाले, "तिनं काई सांगतलं नाई. आता आपन काय कराचं?"

मला तुमचा संताप आला होता, ताई, हे लिहून टाकते. चुलीत जाऊ दे यांचं शिक्षण, असं मनात आलं. मग बाबांकडे पाहिलं. डोळे उघडे होते. आणि एवढी साधी गोष्ट आमच्या कोणाच्या डोक्यात महिनाभर आली नव्हती. आम्ही चिठ्ठ्या केल्या, कागद केले, हेल्मेट घातलं, पण बाबांना काही विचारलं नाही.

मी पलंगावर बसले. त्यांचा डावा हात माझ्या मांडीवर घेतला. म्हटलं, "बाबा, ताप आहे. दवाखान्यात न्यायचं का घरीच राहायचं, ते तुम्ही सांगा. मी मोजते. न्यायचं असेल तर शेवटपर्यंत चाला. नसेल तर मध्ये थांबा. कसंही केलंत तरी आम्ही ऐकू." हे पायाशी उभे होते. तानुबाईंनी पदर तोंडाला लावला होता.

लाभ म्हटलं. अंगठा हलला नाही. दोन म्हणायला तोंड उघडलं आणि तो सरकला. तापानं संथ झाला होता, प्रत्येक आकड्याला इतका वेळ की मी पुढचा आकडा ओठांवर धरून बसायची. सातावर बराच थांबला. यांनी डोळे मिटले. मग आठ. नऊ. दहा. बाराव्या पेरापर्यंत गेले, आणि तिथे अंगठा दाबून ठेवला, ताई. दाबून. माझ्या मांडीला ते कळलं.

खात्री म्हणून उलटं विचारलं, घरी राहायचं असेल तर चाला. ते तिसऱ्यावर थांबले. मी दहापर्यंत मोजलं तरी हलले नाहीत.

पुढच्या पंधरा मिनिटांत आम्ही गाडीत होतो. चार दिवस मशीनवर, आठवडाभर ऑक्सिजनवर. निघायच्या दिवशी डॉक्टरांनी स्वतः तानुबाईंना मोजायला लावलं. तीनदा बघितलं. म्हणाले, जाणीव थोडी आहे, आणि ती येते-जाते. आज असेल, उद्या दिवसभर नसेल, एवढ्यावर फार इमले बांधू नका. मग म्हणाले, तरी त्यांच्यासमोर आता जपून बोला. तानुबाई त्यांना म्हणाल्या, "आमी त बोलतो जपून, तुमी पयले लाभ म्हनाले शिका." डॉक्टर हसले आणि त्यांनी कागदावर ते लिहून घेतलं.

तुम्ही जूनमध्ये फोनवर जे बोललात ते त्यांनी ऐकलं का, हे मी विचारलेलं नाही. विचारता आलं असतं. रोज मोजताना जिभेवर येतं. पण तो प्रश्न माझा नव्हे.

तुम्ही ये म्हणू नको म्हणालात, म्हणून म्हणत नाही. एकच सांगते. तुम्ही लिहिलंत की त्यांना 'चालती हो' म्हणता येणार नाही. आता येतं.

साधना


अमरावती
९ सप्टेंबर २०२५

साधना,

आजवरची पत्रं त्यांना ऐकू जाऊ नयेत म्हणून लिहिली. हे ऐकवायला लिहिते आहे. ओट्यावर वाचू नकोस. बाहेरच्या खोलीत जा, सकाळी ते ताजे असतील तेव्हा, उशीपाशी बस आणि मोठ्यानं वाच. ललित घरात असू दे. डावा हात तुझ्या हातात घे. वाचताना मध्ये रडलीस तर थांब, पण काही गाळू नकोस. इथून पुढचं त्यांना आहे.

बाबा, मी प्रिया.

जूनमधी तुमच्या उशीवरच्या फोनातून जो आवाज आला, तो माहाच होता. मशीनवर नका टाकू, जाऊ द्या, असं मीच म्हनलं. तुमी ऐकलं का नाई, मले मालूम नाई. ऐकलं असन, त ते खरं आहे. नसन ऐकलं, त आता ऐका, कारन लपवून मले तुमच्यासमोर येता येत नाई.

तुमच्या भल्यासाठी म्हनलं, असं मी सगळ्याइले सांगतलं. तसं नव्हतं. मले पाहावत नव्हतं म्हनून म्हनलं. तुमाले काय पाह्यजे, हे मी विचारलंच नाई. एवढी शिकली, आन् एवढं सुचलं नाई.

एप्रिलमधी तीन दिवस तुमच्याजवळ बसून मी मोजलं, ते एकपासून मोजलं. तुमी मंडीत माहा हात धरून शिकवलं होतं, तरी. तुमी आतून ऐकत असान, आन् म्हनत असान, का हे पोरगी अजून चुकूनच राह्यली. आन् मी सगळ्याइले सांगत सुटली, का आत कोनी नाई.

रविवारी अकोल्याले याचं म्हनून राह्यली मी. पन तुमची मर्जी असन तरच. पायरीवर बस म्हनसान त पायरीवर बसीन. नोको म्हनसान त बडनेऱ्यावरून वापस जाईन. त्याची मले सवय झाली आता.

साधना मोजन. मी यावं असं वाटत असन, त बारापर्यंत चाला. नसन वाटत, त वाटन तेथी थांबा, मी समजून जाईन. घाई करू नोका. एकही आकडा सुटनार नाई.

साधना, मोज.

लाभ